बाळंतपणासाठी निवडलेला आवाज

मला कळा सुरू झाल्या त्या दिवशी नणंदेने माझ्या फोनमधून माझ्या वडिलांचा आवाज पुसला.

ती माझ्याहून मोठी. तोंडावर मी तिला वन्सं म्हणे, अहोजाहो करे. इथे एकेरीच लिहिणार आहे.

वडील मला सहावा महिना असताना गेले. कोडोलीच्या भजनी मंडळात ते पेटी वाजवत. गाणाऱ्यांच्या मागे बसणारा माणूस. त्यांच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. एका दुपारी ते पेटीवर चाल शोधत बसले असताना मी त्यांच्या नकळत केलेलं. चाल हुकते, ते स्वतःलाच ‘हॅत्’ म्हणतात, आत आईला ‘चहा ठेवलास काय?’ विचारतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. असं अकरा मिनिटं.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात. पण आई एकटी, दुःखात. म्हणून ते कळंब्याला, सासरीच ठरलं. राजारामपुरीत मी गर्भसंस्काराच्या वर्गाला जात होते. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, कळांच्या वेळी काय ऐकायचं ते आधीच निवडून ठेवा. मी मन लावून निवड केली. बासरी ऐकली की बँकेला फोन लावून ताटकळत बसल्यासारखं वाटे. नुसता तंबोरा लावला तर झोप येई. वडिलांचं रेकॉर्डिंग लावलं की श्वास आपोआप संथ होई. मग दुसरं काही शोधलं नाही.

चूक माझीच. ही निवड मी जेवताना घरात सांगितली. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

“मेलेल्या माणसाचा आवाज? बाळंतिणीच्या कानात?”

“माझे वडील आहेत ते.”

“व्हय, पर आता न्हाईत की. येणाऱ्याच्या वाटंवर गेलेल्याला हाक मारू नये. लेकरू बावरतंय, माघारी फिरतंय. एवढी बुकं वाचतीस, ह्ये कुठं लिवलं न्हाय व्हय?”

मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्या घरात नेहमी ‘बरं’ असाच घेतला जाई.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी मदतीला आलेली नणंद पिशवी भरत होती. म्हणाली, “वैनी, फोन द्या की इकडं, चार्जिंगला लावते.” मी दिला.

दुपारी दवाखान्यात कळा वाढल्यावर मी नवऱ्याला रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. तो बराच वेळ फोनवर बोट फिरवत राहिला. “सापडत नाही गं. आता डोकं शांत ठेव.” पंख्याची घरघर, खाली रिक्षांचे हॉर्न, शेजारच्या खोलीतल्या बाईचं ओरडणं, एवढंच ऐकत माझं बाळंतपण झालं. मी देवाला हाक मारली नाही. सकाळपासून फोन कोणाकोणाच्या हातात गेला ते मनात जुळवत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “शाब्बास, असाच जोर लावा.” तो जोर कशाचा होता ते मला माहीत होतं. मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी मी नणंदेला सरळ विचारलं. ती खोटं बोलली नाही.

“आईला फोनमधलं कळत न्हाय. तिनं सांगितलं, मी पुसलं. बाळासाठीच की वैनी.”

“पुसायच्या आधी ऐकलंत?”

“ऐकलं. सगळं ऐकलं.” ती पदराशी खेळत होती. “पेटी छान वाजवत होते.”

ती ऐकायला बसली नसती, तर कदाचित मी सासूबाईंवरच रागावले असते.

नवरा फोन घेऊन मोबाइलच्या दुकानात जाऊन आला. दुकानदार म्हणे, “गेलं ते पावणं. नवीन गाणी भरून देऊ काय?”

बाळंतिणीला विश्रांती म्हणून बारा दिवस खोलीत ठेवतात. ते मी विचार करण्यात घालवले. नणंद माझ्यासाठी डिंकाचे लाडू करून आणायची. मी खात होते आणि ठरवत होते. तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. भावाच्या मुलीच्या कानात नाव सांगण्याचा आत्याचा मान, एवढाच तिच्या वाट्याला यायचा होता. त्यासाठी तिने कुंची शिवली होती, हिरवी, जरीच्या काठाची. रोज मला दाखवायची.

बारशाला खोली बायकांनी भरली. पाळणा म्हणून झाला. नणंद पाळण्याशी वाकली. “आत्याबाई, पाठ घट्ट करा हं!” म्हणत बायका धपाटे घालायला हात उगारून उभ्या होत्या. मी पुढे झाले, मुलीला उचललं आणि मागे भिंतीशी बसलेल्या माझ्या आईपाशी नेलं.

“आई, नाव तू सांग.”

वडिलांना जाऊन चार महिनेही झाले नव्हते. सगळ्यांच्या नजरा आईच्या मोकळ्या कपाळावर गेल्या. सासूबाई ओरडल्या, “आगं, काय करतीस ह्ये? शुभाच्या कामाला?” आई म्हणाली, “नको गं, मला नको.” मी मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं. आईने तिच्या कानात नाव सांगितलं. धपाटा कोणीच घातला नाही. नणंदेचे हात अजून पाळण्याच्या काठावरच होते. मी तिच्याकडे बघत राहिले, पुरेसा वेळ.

संध्याकाळी आई गावी निघताना एवढंच बोलली, “मला आधी विचारायचं तरी होतंस.” त्याचं वाईट वाटतं. नणंदेचं वाटत नाही. पुस्तकांत वाचलं होतं की सूड घेतल्यावर माणसाला रितेपण येतं. मला त्या दिवशी चांगली झोप लागली.

आता मुलगी शाळेत जाते. नणंद आमच्याकडे येत नाही. मुलगी तिला ओळखत नाही. कुंची कपाटात आहे, घडी न मोडलेली. वडिलांचा आवाज कसा होता, ते मला आता नीट आठवत नाही.