सेरापिसचं आमंत्रण

मी मेलबर्नच्या एका हायस्कूलमध्ये प्राचीन इतिहास शिकवते, आणि उत्तम शिकवते. त्यातही सेरापिसच्या बाबतीत माझा हात धरणारं कोणी नाही. इजिप्तवर ग्रीक राजा बसला, प्रजा दोन तऱ्हेची. मग ओसायरिस आणि एपिस या इजिप्तच्या देवांची नावं जोडली, चेहरा दाढीवाल्या ग्रीक देवाचा दिला, डोक्यावर धान्याचं माप ठेवलं. असा हा देव पुढे शतकानुशतकं पुजला गेला. वर्गातली एक मुलगी त्याला ‘फेक गॉड’ म्हणाली, तेव्हा मी तिला चांगलंच झापलं. दोन्हीकडची माणसं ज्याच्यापुढे एका पंगतीला बसली, तो खोटा कसा, असं विचारलं.

विचारताना माझीच जीभ अडखळली. इथेच, क्लेटनला युनिव्हर्सिटीत असताना जिच्याबरोबर एका खोलीत राहिले, त्या मैत्रिणीने ग्रीक मुलाशी लग्न केलं होतं. सकाळी चर्च, दुपारी सप्तपदी. तिथेच, तिच्या आईसमोर, ‘हे धड ना इकडचं ना तिकडचं’ असं बोलून मी मोकळी झाले होते. तेव्हापासून तीन वर्षं आमचं बोलणं बंद. तिची फार आठवण यायची, पण आधी फोन करायला मी तयार नव्हते.

त्याच तासाला मी सेरापिसच्या जेवणावळींची आमंत्रणं दाखवली. पपायरसचे चिठोरे, त्यावर दोन-चार ओळी: उद्या देवाच्या पंगतीला यावे. एखाद्यात तर बोलावणारा खुद्द देवच. मला युक्ती सुचली. रविवारी घरी पूजा होती. मी तिला मेसेज टाकला, "सत्यनारायणाने तुला रविवारी जेवायला बोलावलंय." स्वतःवर भलतीच खूश झाले. देवाला नाही कोण म्हणणार?

उत्तर लगेच आलं.

"देवाचं आमंत्रण पोचलं. तुझं कधी येतंय?"

आधी मला राग आला, मग रडू आलं. शाळा सुटल्यावर घरून हळदकुंकवाचा करंडा घेतला आणि गाडी काढून थेट तिच्या दारात जाऊन उभी राहिले. दार तिनेच उघडलं.

"तुझ्या लग्नात मी जे बोलले ते चुकलं," मी म्हटलं. "रविवारी जेवायला या. दोघंही."

"देवाला चालेल?"

"देवाचं देव बघेल. मला तुम्ही हवे आहात."

तिने कपाळ पुढे केलं.