खालून साफ असलेली काच

प्रेमानंद आणि मी चिखलीच्या कॉलेजात एका बाकावर बसून बी.कॉम. झालो. मी नोकरीला लागलो, त्याने मेहकरला फोटो स्टुडिओ टाकला. तीस वर्षे लग्नांचे फोटो काढले. त्याला स्वतःसाठी मात्र लोणारच्या सरोवराचा एकच फोटो हवा होता, वरच्या काठावरून. आभाळ धरले की पाणी काळे पडे, पाणी धरले की आभाळ पांढरेफटक. सारिका, म्हणजे त्याची आणि धम्मशीलावहिनींची मुलगी, स्टुडिओ हाती घेण्याआधी तो फोटो भिंतीवर लागावा, एवढेच त्याचे म्हणणे.

म्हणून गेल्या नोव्हेंबरात आम्ही चिखलीला जीवनच्या कॅमेऱ्याच्या दुकानात आभाळाचा उजेड दाबणारा फिल्टर घ्यायला गेलो. जीवनने एक चौकोनी काच दिली, वर करडी, खाली साफ. प्रेमानंदने सवयीने डावा डोळा मिटून ती दाराकडे धरली.

"ही तं खालूनही काळीच आहे."

"काका, खाली साफ आहे. चष्मा पुसा."

"तीस वर्षं फोटो काढून राह्यलो बे. मले नको शिकवू."

दुसरी फिकी दिली. तीही त्याला खालून काळी. मग जीवनने हसत, धुळीपासून लेन्स जपायला लावतात ती पूर्ण पारदर्शक काच हातात ठेवली.

"हाव, हीही तशीच," प्रेमानंद म्हणाला.

जीवन हसायचा थांबला. मी प्रेमानंदला दुसरा डोळा उघडायला सांगितले. त्याने उघडला, मिटला, पुन्हा उघडला, आणि काच खाली ठेवली.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजव्या डोळ्याची खालची नजर गेली, ती परत येत नाही. डाव्यालाही सुरुवात आहे, थेंबांनी टिकेल तेवढे टिकेल. वर्षभर लग्नाच्या फोटोंत लोकांचे पाय का कापले जात होते, ते तेव्हा कळले.

तरी त्याने पहिली काच घेतली. डिसेंबरात लोणारच्या काठावर ती लेन्सपुढे लावून तो डाव्या डोळ्याने कॅमेऱ्यातून पाहू लागला. करड्या भागाची कड समोरच्या काठावर यायला हवी होती. ती दरवेळी पाण्यावर उतरे. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून सांगे, तो काच सरकवे, मग ती आभाळात जाई. असे नऊ फोटो झाले.

"पाणी आलं का?"

"काळं आलं."

"खरं सांगतलं, बरं केलं. धम्मशीला तं घरी सगळ्याले चांगलंच म्हणते."

"मी काढून पाहू?"

"मंग तो तुया फोटो होईन."

काच त्याने कागदात गुंडाळली. परतीच्या वाटेवर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पायरी आली की सांगजो."