एकवीस वर्षं घेतलेली गोळी

माझे धाकटे दीर चष्म्याच्या दुकानात काम करतात. सतराव्या वर्षी ते तिथे काचांच्या कडा घासायला लागले, पुढे डोळ्यांचा नंबर काढायला शिकले आणि मूळ मालक थकल्यावर दुकान त्यांच्याकडेच आलं. मी त्यांना भाऊजी म्हणते. माणूस साधा आणि कमी बोलणारा. हातात बारीक स्क्रू-ड्रायव्हर असला की तेवढंही बोलणं बंद.

त्यांच्या दुकानात आरसेच आरसे आहेत. भिंतीवर लांबलचक एक, काउंटरवर फिरते दोन, शिवाय फ्रेमांच्या कपाटाला आतून लावलेले. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं आणि नाकावरच्या गाद्या नीट बसल्या की नाहीत हे बघायला भाऊजींना खाली वाकावं लागतं. वाकलं की त्यांच्या डोक्याचा मधला भाग नेमका गिऱ्हाइकाच्या नव्या चष्म्यासमोर येतो. भाऊजी छत्तीस वर्षांचे असताना एक निवृत्त हेडमास्तर नवा चष्मा लावून म्हणाले, "वा! आता सगळं लख्ख दिसतंय. तुमचं टक्कलसुद्धा." दुकानातले सगळे हसले, भाऊजीही हसले. घरी आल्यावर मात्र दोन आरसे समोरासमोर धरून त्यांनी बराच वेळ डोकं बघितलं.

खरं म्हणजे हे घराण्यातलंच. माझ्या सासऱ्यांचं कपाळ मागे मानेपर्यंत गेलेलं होतं. आमच्या ह्यांचे केस तिशीतच गेले आणि त्यांना त्याचं काडीचंही सोयरसुतक नव्हतं. "कंगव्याची कटकट गेली," म्हणायचे. पण भाऊजींनी मनाला लावून घेतलं. त्यांनी कांद्याचा रस चोळून बघितला. दहा दिवसांनी गिऱ्हाइकं खुर्ची मागे सरकवायला लागली, तेव्हा ते थांबले.

त्यानंतर ते गुपचूप एका त्वचारोगतज्ज्ञाकडे गेले. ही हकिगत त्यांनी मला फार उशिरा, पायाला प्लॅस्टर असताना सांगितली. पण लिहायची तर इथेच लिहायला हवी.

डॉक्टरांनी भिंगातून डोकं तपासलं आणि स्वच्छ सांगितलं, की हे आनुवंशिक आहे. केस एकदम गळत नाहीत. दर वेळी नवा येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक येतो आणि शेवटी यायचाच थांबतो. जिथे कातडी गुळगुळीत झाली तिथे फारसं काही उगवणार नाही, पण जे आहे ते पुष्कळसं टिकवता येईल. त्यांनी दोन औषधं दिली. मिनॉक्सिडिल नावाचं पाण्यासारखं औषध सकाळ-संध्याकाळ डोक्याला लावायचं आणि फिनास्टेराइडची एक गोळी रोज घ्यायची. निदान सहा महिने धीर धरायचा. औषधं बंद केली तर वर्षभरात सगळं मूळ पदावर येणार. "म्हणजे किती वर्षं घ्यायची?" असं भाऊजींनी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "केस हवेत तेवढी वर्षं."

सहाव्या आठवड्यात केस जास्तच गळायला लागले. सुरुवातीला असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, तरी भाऊजींचा धीर सुटत आला होता. पण ज्या माणसाने वीस वर्षं काचेची कड केसभरही चुकू दिली नाही, त्याला नेम पाळायचं काय अवघड? त्यांनी औषधं चालू ठेवली. चौथ्या महिन्यात गळती थांबली. वर्षभरात डोक्याच्या मध्यावर पुन्हा दाट सावली दिसायला लागली.

घोटाळा झाला तो इथेच. माझी जाऊ, म्हणजे भाऊजींची बायको, हौशी आणि बोलघेवडी. नवऱ्याचं तोंड उतरलेलं तिने पाहिलं होतं. कारणही तिला कळलं होतं. औषधं सुरू झाली त्याच महिन्यात तिने कुठलीशी पानं आणि बिया उकळून तेल केलं आणि दर रविवारी त्यांच्या डोक्याला चोळायला सुरुवात केली. केस सुधारले, तेव्हा सगळं श्रेय तेलाला गेलं. जाऊ शेजारणींना घरात बोलावून नवऱ्याला स्टुलावर बसवायची. "ओढून बघा. ओढा ना, घाबरता काय! एक तरी हातात येतोय का?"

होता होता चौदा घरांत तिचं तेल जायला लागलं. फुकट द्यायची, पण बाटली परत आणून द्यायची अट होती. लोक तिला तेलवाल्या काकू म्हणायला लागले. ह्या नावाचा तिला किती अभिमान होता ते मी पाहिलेलं आहे.

"तेव्हाच सांगायला हवं होतं," भाऊजी मला म्हणाले. "आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. पण ती इतकी खूश होती, वहिनी, की माझी जीभच रेटेना. मग वर्षं गेली, आणि वर्षं गेल्यावर तर सांगणं आणखीच कठीण."

त्यांनी औषधं दुकानात ठेवायला सुरुवात केली. गोळ्या नाकाच्या गाद्यांच्या डबीत आणि लावायचं औषध काचा पुसायच्या पाण्याच्या बाटलीत. सकाळी शटर अर्धं उघडून आणि संध्याकाळी अर्धं ओढून ते औषध लावत. एकदा घाईत त्याच बाटलीने एका बाईंचा चष्मा पुसला, तर काच चिकट झाली. बाईंनी नंबरच चुकलाय म्हणून गोंधळ घातला.

पुढे आमचे हे आजारी पडले. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग होता आणि कळला तेव्हा हाडांपर्यंत पोचला होता. ते गेले तेव्हा भाऊजी चोपन्न वर्षांचे होते. सख्ख्या भावाला झालं म्हणजे तुम्हाला धोका जास्त, तेव्हा त्यासाठीची रक्ताची पीएसए तपासणी दर वर्षी करा, असं ह्यांच्या डॉक्टरांनी बजावलं. भाऊजी दर मार्चमध्ये रक्त देऊन यायचे. प्रयोगशाळेच्या अर्जावर 'सध्या चालू असलेली औषधे' असा रकाना असे. त्यात ते 'नाही' लिहीत.

फाइल जावेच्या ताब्यात. ह्या घरात अहवाल वाचायची एक ठरलेली रीत होती. आकडा मर्यादेबाहेर गेला की प्रयोगशाळा त्याच्यापुढे चांदणी छापते. जाऊ चष्मा लावून चांदणी शोधायची. नसली की फाइल बंद, आणि मला फोन. "चांदणी नाही हो ताई!" मी आकडा विचारून तारखेसकट टिपून ठेवायची. चार वर्षांचे आकडे असे: दीड, एक पूर्णांक नऊ, अडीच, तीन पूर्णांक दोन. मर्यादा चारची.

चौथा आकडा आला त्यानंतर तीन आठवड्यांनी भाऊजी दुकानातल्या घडीच्या शिडीवरून पडले आणि घोटा मोडला. सहा आठवड्यांचं प्लॅस्टर. मी भेटायला गेले, तेव्हा जाऊ चहा करायला आत गेल्याचं बघून ते कुजबुजले, "वहिनी, एक काम कराल? पण हिला कळता कामा नये."

मी म्हटलं, "ह्या वयात काय भानगड केलीत?"

मग वर लिहिलेली सगळी कहाणी त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. जाऊ बाहेर आली की विषय पावसापाण्याचा. डबीतल्या गोळ्या संपल्या होत्या. त्यांनी माझ्या हातात जुनी चिठ्ठी दिली आणि मी औषधाच्या दुकानातून नवं खोकं आणलं.

खोक्यात घडी घातलेलं माहितीपत्रक होतं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचं. मी ते घरी टेबलाशी बसून सगळं वाचलं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, की हे औषध घेणाऱ्या पुरुषांमध्ये पीएसएचा आकडा कमी होतो, साधारण निम्म्यावर येतो, म्हणून तपासणीपूर्वी डॉक्टरांना औषधाची कल्पना द्यावी.

मी टिपून ठेवलेले आकडे काढले आणि प्रत्येकाची दुप्पट केली. तीन. तीन पूर्णांक आठ. पाच. सहा पूर्णांक चार.

गेल्या वर्षीच चांदणी यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी जाऊ कुणाकडे तरी तेल पोचवायला गेली असताना मी भाऊजींसमोर पत्रक ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते डोळ्यांजवळ धरलं आणि दोनदा वाचलं.

"आजवर एकदाही वाचलं नाहीत?"

"दुकानात खोकं फोडायचो आणि कागद फेकून द्यायचो. कुणी बघितलं तर?"

"आणि अर्जावर 'नाही' कसं लिहीत होतात?"

"अहो, ते औषध म्हणजे काय... केसांचं होतं ना. रक्तदाबाचं असतं तर लिहिलं असतं." मग म्हणाले, "असं करतो वहिनी. गोळी आजपासून बंद. सहा महिन्यांनी परत रक्त देतो. आकडा खरा येईल आणि कुणाला काही सांगायलाही नको."

"तुमच्या भावानेही सहा महिने थांबून बघू म्हटलं होतं," मी म्हटलं.

ते प्लॅस्टरच्या कडेचा निघालेला दोरा ओढत बसले.

"ह्यांच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ मी घेतलेली आहे," मी सांगितलं. "वाढता आकडा दाखवायचाय, एवढंच जावेला सांगणार. गोळीचं मी तोंडातून काढणार नाही. ते तुमचं तुम्ही सांगायचं."

"तिच्यासमोर?"

"एका पायावर उड्या मारत एकटे जाणार आहात का?"

शुक्रवारी आम्ही तिघं गेलो. जाऊ फाइल मांडीवर घेऊन डॉक्टरांच्या अगदी समोर बसली. डॉक्टरांनी चारही अहवाल ओळीने लावले. "कुठली औषधं चालू आहेत?"

"काही नाही," जाऊ म्हणाली. "ठणठणीत आहेत. हा घोटा सोडला तर."

मी भाऊजींकडे बघितलं. ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. मी शब्द दिला होता, म्हणून गप्प बसले. तसं गप्प बसणं मला आयुष्यात क्वचितच इतकं जड गेलं असेल.

"चढ आहे थोडा," डॉक्टर म्हणाले. "पण मर्यादेत आहे. भावाचा इतिहास बघता वर्षभर नको थांबायला. सहा महिन्यांनी परत बघू." आणि त्यांनी फाइल मिटून जावेकडे सरकवली.

भाऊजींना हवे होते ते सहा महिने आयते हातात पडले होते. जाऊ उठली, तिने कुबड्या पुढे केल्या. भाऊजींनी एक कुबडी घेतली आणि तशीच खाली ठेवली.

"डॉक्टर, मी केसांची गोळी घेतो. फिनास्टेराइड."

डॉक्टरांनी फाइल परत ओढून घेतली. "किती वर्षं?"

"एकवीस."

डॉक्टरांनी पेन काढून प्रत्येक आकड्याशेजारी त्याची दुप्पट लिहिली. जाऊ उभीच होती. उभ्या-उभ्याच तिने नवऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं.

"एकवीस वर्षं? म्हणजे माझं तेल..."

"तेलाने अपाय काही नाही," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. त्यांच्या परीने त्यांनी धीरच दिला असावा.

जाऊ खुर्चीत बसली. तिचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता इथेच तोफ सुटणार. पण तिने फाइलवरच्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. "हे सहा पूर्णांक चार म्हणजे किती वाईट? तेल राहू द्या. आधी हे सांगा."

त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासून एमआरआय लिहून दिला, पुढच्या आठवड्यात सुईने तुकडा काढला. कर्करोग होता. पण ग्रंथीच्या आतच होता, बाहेर कुठे पसरला नव्हता. आणखी वर्ष-दोन वर्षं चांदणीची वाट बघितली असती तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. आमच्या घरात ते सांगायची गरजही नव्हती.

जावेने तीन दिवस नवऱ्याशी अबोला धरला. चहा समोर आदळायची, कुबड्या हातात द्यायची, पण शब्द नाही. चौथ्या दिवशी माझ्याकडे येऊन रडली. "ताई, मला केसांचं काही नाही. टक्कल पडलं असतं तरी मी काय सोडून जाणार होते? पण दर रविवारी हा माणूस माझ्या हाताखाली बसून, वा, काय बरं वाटतंय, म्हणायचा!"

"ते खोटं नसेल गं," मी म्हटलं. "बरं वाटत असेलच."

ह्यावर तिला हसू फुटलं, आणि त्याचाही राग आला.

मग तिने एक गोष्ट केली, जी मला जमली नसती. चौदाही घरांत ती स्वतः गेली आणि खरं काय ते सांगून आली. दोन ठिकाणी घरचे पुरुष तीच गोळी चोरून घेत असल्याचं निघालं. त्यांच्या बायकांनी तिथल्या तिथे माहितीपत्रकं शोधायला लावली. एका घरी मात्र आजोबा ऐकेनात. "काकू, तुम्ही काहीही म्हणा, मला तुमच्या तेलाचाच गुण आलाय." त्यांच्या डोक्यावर कानांच्या वर दोन झुपके आहेत. त्यांची बाटली अजून जाते.

प्लॅस्टर निघाल्यावर भाऊजींची शस्त्रक्रिया झाली, ती ग्रंथीच काढून टाकली. आता पीएसएचा आकडा शून्याजवळच राहायला हवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. नंतरचे तीन-चार महिने त्यांना कठीण गेले. गोळी डॉक्टरांनी बंदच केली आणि लावायचं औषध भाऊजींनी आपणहून सोडलं. वर्षभरात डोक्याच्या मध्यावरचे केस विरळ होत गेले. दुकानातल्या एका आरशाची जागा त्यांनी बदलली, एवढंच मला दिसलं.

ह्या गोष्टीला आता चार वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी रक्त तपासतात. परवा जावेऐवजी भाऊजींचाच फोन आला.

"वहिनी, लिहून घ्या. शून्य पूर्णांक शून्य एकपेक्षा कमी."

मी लिहून घेतलं आणि पुन्हा एकदा वाचून दाखवलं.

"बरोबर," ते म्हणाले. "ठेवतो. गिऱ्हाईक बसलंय."