पहिली थाप

खोपटला आमच्या चाळीखाली ढोलक्या मढवणारे काका बोलता बोलता माझ्या डब्यावरही ताल धरतात. नव्या ढोलकीवर पहिली थाप मात्र गिऱ्हाइकाचीच. मी घरातला पहिला पदवीधर झालो, तेव्हा गिऱ्हाइकाला विचारून त्यांनी तो मान मला दिला होता.

मध्यंतरी जनावराच्या कातड्यातल्या जंतूंमुळे त्यांच्या बोटाला अँथ्रॅक्स झाला, काळी खपली धरली. "दुखत नाय रे," म्हणत ते टाळत होते, म्हणून मीच त्यांना दवाखान्यात नेलं.

"बरं वाटलं तरी अँटिबायोटिक मध्येच सोडायचं नाही, जिवावर बेतेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काकांनी सगळ्या गोळ्या घेतल्या.

परवा बोट बरं झाल्यावर ते नवी ढोलकी घेऊन दवाखान्यात गेले. "बाई, पहिली थाप तुमची."

बाईंनी लाजत थाप मारली.

"हात चांगलाय," काका म्हणाले. "रिटायर झाल्यावर दुकानात या."