न पाहिलेलं आकाश

वेधशाळेत तिला सगळे चौकटबाई म्हणत. पाठीमागेही म्हणत आणि तोंडावरही. तिला त्याचा राग नव्हता. "दिवसभर चौकटीच रंगवते, मग काय गोलबाई म्हणणार?" असं तीच हसून म्हणायची. राग यायचा तो वेगळ्याच गोष्टींचा, आणि आला की जिन्यापर्यंत ऐकू जायचा.

दुर्बीण दूर टेकडीवर होती. चौकटबाईची खोली खाली शहरातल्या इमारतीत, झेरॉक्स मशीनच्या शेजारी. काम आकाशाचं, पण ते चालायचं भर दिवसा, ट्यूबलाइटच्या उजेडात. टेकडीवरून ताऱ्यांची भलीमोठी सूची यायची. एका ओळीत एक तारा आणि त्याचं आकाशातलं ठिकाण, बस्स. त्या सूचीवरून चौकटबाई नकाशा काढायची: दुर्बिणीनं आकाशाचा कोणता भाग पाहिला आणि कोणता नाही. त्यासाठी रंगीत बटणांचं सॉफ्टवेअर तिला नको असे. ती कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडायची आणि एका ओळीत आज्ञा लिहायची. त्यात सूचीचं नाव, चौकटी किती बारीक हव्यात तो आकडा आणि नकाशाचं नाव. मग एंटर. कॉम्प्युटर आकाशाचे चौकोनी तुकडे पाडायचा, आणि ज्या तुकड्यात एक जरी तारा सापडेल तो तुकडा निळा व्हायचा. बाकीचे पांढरे.

तिचं या कामावर प्रेम होतं असं म्हटलं तर तिला ओशाळल्यासारखं झालं असतं. पण नवा नकाशा पडद्यावर उमटायला लागला की ती खुर्चीत पुढे सरकायची आणि कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही.

त्या वर्षीची सूची आली तेव्हा नकाशाच्या मधोमध एक पांढरा पट्टा निघाला. दुर्बिणीचा आरसा दुरुस्तीला गेला होता, त्या काळात जे आकाश डोक्यावरून गेलं ते पाहायचं राहिलं होतं. शिवाय फार तेजस्वी ताऱ्यांच्या आसपास, जिथे डोळे दिपल्यासारखे होऊन दुर्बिणीला काही दिसत नाही, तिथे बारीक बारीक पांढरी भोकं. चौकटबाईनं नकाशा नेहमीसारखा संचालकांकडे पाठवला, आणि थोड्याच वेळात संचालक स्वतः खाली आले.

दोघं एकाच वेळी नोकरीला लागलेले. एकेकाळी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून त्यांनी डबे खाल्ले होते. त्यामुळे दार लावून घेतलं की साहेब आणि मॅडम संपायचं.

"हा पट्टा दिसतोय," संचालक म्हणाले.

"आहे म्हणून दिसतोय."

"आपण सलग आकाश द्यायचं कबूल केलं होतं. पुढच्या दुर्बिणीची मंजुरी त्यावर अडकली आहे. चौकटी जरा मोठ्या कर."

"म्हणजे पट्टा गिळून टाक."

"एक आकडा बदलायचाय गं! खोटं कुठे आहे त्यात? आज्ञा तीच, सूची तीच."

इथेच खरी मेख होती आणि दोघांनाही ती पुरती ठाऊक होती. चौकट मोठी केली की तिच्या कोपऱ्यातला एखादा तारासुद्धा अख्खी चौकट निळी करतो. पट्टा नाहीसा होतो, भोकं बुजतात आणि आकाश कसं लख्ख भरलेलं दिसतं.

"तुला माहीत आहे, मला माहीत आहे," चौकटबाई म्हणाली. "पण ज्याच्या हातात हा नकाशा पडेल त्याला माहीत नाही. तो तिथे काहीतरी शोधेल, त्याला सापडणार नाही, आणि तो म्हणेल की तिथे काहीच नाही. अरे, पाहून रिकामं निघणं वेगळं आणि पाहिलंच नाही हे वेगळं!"

"सगळीकडे असंच चालतं."

"चालू दे. माझ्या हातून चालणार नाही."

संचालकांनी चष्मा काढून पुसला. "मग मी दुसऱ्याकडून करून घेईन."

"घे. पण मी बारीक चौकटींचाच नकाशा सगळ्यांसाठी वेबसाइटवर टाकणार आहे. आधीच सांगून ठेवते, मागून बोलायला नको."

घरी ही गोष्ट जेवणाच्या टेबलावर निघाली. नवरा शाळेत शिकवायचा, स्वभावानं मऊ. "थोडं नमतं घे ना," तो म्हणाला. "आरशाचं कुणाला काय पडलंय?"

सासूबाई जन्मभर इस्पितळात नर्स होत्या. त्यांनी मुलाकडे असं पाहिलं की त्यानं पोळी पुढे ओढली. "ताप न मोजता तक्त्यावर आकडा लिहिणाऱ्या बायका पाहिल्यात मी," त्या म्हणाल्या. "पेशंट शांत झोपलाय, कशाला उठवा, म्हणायच्या. एकीशी तर मी वॉर्डातच भांडले होते. अगं, तू नाही म्हणून ये. फार तर काय करतील?"

"काढून टाकतील, आई."

"टाकू देत. घरात भांडी घासायला मी आहेच." त्या थांबल्या. "रोज नाही हं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चौकटबाईनं नकाशा वेबसाइटवर चढवला. खाली एक ओळ लिहिली: पांढरा भाग पाहिलेला नाही. दुपारी तो तिथून हटवला गेला. तिनं परत चढवला. संध्याकाळपर्यंत तिचा पासवर्ड बंद झाला आणि तिथे मोठ्या चौकटींचा, गुळगुळीत निळा नकाशा आला. तो शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं काढला होता. तो मान खाली घालून म्हणाला, "मला घर आहे, मॅडम."

"मी काय झाडावर राहते?" ती म्हणाली. हे बोलणं त्याला लागलं. त्यानंतर त्यानं तिच्याबरोबर चहा घेणं सोडलं, आणि ती गोष्ट तिला संचालकांच्या वागण्यापेक्षा जास्त बोचली. तरीही तिनं शब्द मागे घेतला नाही.

पुढे चौकशी बसली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, पलीकडे तिघंजण.

"माफी मागा, प्रकरण इथेच मिटेल," मधले गृहस्थ म्हणाले.

"कशाची?"

"वरिष्ठांना न विचारता नकाशा टाकल्याची."

"बोलणं झालं होतं. त्यांना तो नको होता. मग सांगून टाकला."

कडेच्या बाईंना हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात लपवलं. मधले गृहस्थ कंटाळून म्हणाले, "बरं, मग वरिष्ठांचं न ऐकल्याची माफी मागा."

"ती मी मागणार नाही. नकाशात चूक असेल तर दाखवा, इथल्या इथे मागते."

चूक कुणी दाखवली नाही. पण निकाल ठरलेलाच होता. निळा नकाशा राहिला, आणि चौकटबाईची बदली टेकडीवर झाली, दुर्बीण बघायला येणाऱ्यांना माहिती सांगायच्या कामावर. तिचा कॉम्प्युटर सहकाऱ्याच्या टेबलावर गेला. मंजुरीही मिळाली. संचालकांच्या सत्काराला ती गेली नाही.

तिला गप्प बसवलं असं ज्यांना वाटलं, ते एक गोष्ट विसरले. सूची सगळ्यांसाठी खुली होती आणि नकाशा काढायचा प्रोग्राम फुकट मिळत होता. खुर्ची काढून घेता येते, आज्ञा कशी काढून घेणार? तिनं नवऱ्याचा जुना लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला, सूची उतरवून घेतली, तीच ओळ लिहिली आणि नकाशा स्वतःच्या वेबपेजवर टाकला. हळूहळू लांबलांबचे लोक तो नेऊ लागले. कुणी आभार मानी, कुणी शंका विचारी. शंकांना ती लांबलचक उत्तरं लिही.

मग एका सकाळी संचालकांचा फोन आला.

"तू थांबणार नाहीस ना?"

"नाही."

"निदान संस्थेचं नाव तरी घालू नकोस."

"घालणार. सूची संस्थेचीच आहे. चांगली आहे रे सूची, तिची लाज कसली वाटते तुला?"

मग ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात नवी सूची येते आहे. पट्टा पाहून झालाय बराचसा." आणि त्यांनी फोन ठेवला.

नवी सूची आली त्या रविवारी सासूबाई चष्मा लावून तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. चौकटबाईनं ओळ लिहिली, एंटर दाबलं. पट्टा बहुतेक भरला होता. पण खाली एका कोपऱ्यात, जिथे आधी निळं होतं तिथे, नवीनच पांढरा डाग दिसत होता.

"हे काय गं?" सासूबाईंनी बोट ठेवलं.

"जुन्या सूचीत इथे तारे म्हणून जे होते ते तारे नव्हतेच. कॅमेऱ्याचा दोष होता. या वेळी गाळलेत."

"म्हणजे तुझाही जुना नकाशा चुकीचा?"

"तेवढ्यापुरता, हो."

चौकटबाईनं जुन्या नकाशाखाली तसं स्पष्ट लिहिलं, नवा नकाशा संस्थेच्या नावासकट चढवला, आणि रविवारच्या पाहुण्यांसाठी टेकडीवर जाणारी बस गाठायला चपला शोधू लागली.