सुटी राहिलेली पिन

बेळगावच्या वडगावात भावकू कणबरकरच्या गाडीकडं लोक सरळ बघत नसत. माणूस चांगला, पिकअपही धुऊन-पुसून चकाचक. पण तिच्यामागं जोडलेली ती चाकावरची थंड पेटी मयताची होती, म्हणून. लग्नाच्या मांडवासमोर भावकूनं गाडी कधी उभी केली नाही. कुणी करूही दिली नसती, ते वेगळं.

आधी हा गडी मागावर कापड विणायचा. माग बंद पडल्यावर त्यानं जुनी पिकअप घेतली आणि भाजी गोव्याला न्यायला लागला. अशाच एका खेपेला तो तिकडं असताना इकडं बाप गेला. उन्हाळ्याचे दिवस. लोकांनी वाट बघितली, बघितली आणि उरकून टाकलं. भावकू पोचला तो राखेपाशी. "बाचं तोंड बघायला मिळालं न्हाय," हे तो पुढं कितीतरी वर्षं येईल त्याला सांगत राहिला. ऐकणाऱ्यांचे कान किटले, पण त्याचं दुःख काही शिळं झालं नाही. शेवटी त्यानं ट्रेलरवर थंड पेटी बांधून घेतली. बायको मनुबाईनं महिनाभर अबोला धरला. थोरली बहीण जयाक्का तेवढी म्हणाली, "चांगलं काम हाय, कर. लांबची पोरं आईबाची तोंडं तरी बघतील." आई लवकर गेल्यानं जयाक्कानंच भावकूला काखेला मारून वाढवला होता. ती लग्न होऊन कोगनोळीला गेली तेव्हा हा वरातीच्या गाडीमागं रडत धावलेला. तिचा शब्द त्याच्यासाठी शेवटचा.

आता त्या पेटीची तऱ्हा सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. पेटी गार ठेवणारी मशीन ट्रेलरमधल्या बॅटरीवर चालायची, आणि ती बॅटरी चार्ज व्हायची पिकअपच्या इंजिनावर. मधे एक जाड वायर, आणि वायरीच्या टोकाला पिन. ती पिकअपच्या मागच्या सॉकेटात बसवायची. इंजिन बंद झालं की हा करंट आपोआप तुटावा म्हणून एक रिले होता. तो दिवाळीत जळला.

खासबागचा सूरज वायरमन म्हणाला, "अण्णा, दुसरा घालूया. डायरेक्ट वायर बरी न्हवं. गाडी उभी ऱ्हायली की पेटी तुमच्या गाडीची बॅटरी पिऊन टाकंल."

"आत्ता डायरेक्ट कर रं. उभी केली की मी पिन काढत जाईन. हात काय मोडल्यात माझं?"

आणि खरंच, काढायचा. गाडी थांबली की पिन बाहेर. निघताना मागं जाऊन पिन आत, पेटीवर एक थाप, मग सीटवर. सूरज भेटला की रिलेची आठवण करायचा, भावकू "बघूया" म्हणायचा. आपल्याकडं 'बघूया' म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे.

एप्रिलात जयाक्का बेळगावच्या दवाखान्यात वारली. मूत्रपिंडं निकामी होऊन अंग पाण्यानं सुजलेलं. तिचा एकुलता एक मुलगा युवराज मस्कतला होता. त्याला तिकीट मिळून मुंबईला यायला वेळ लागणार, म्हणून तिला दवाखान्याच्याच शवागारात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी युवराजचा मुंबईहून फोन आला. तो दिवस मावळायच्या सुमाराला कोगनोळीला पोचणार होता.

"मामा, आईला माझ्यासाठी ठेवशीला न्हवं?"

"अरे, माझी गाडी हाय. तू जिवाला घोर लावून घिऊ नगंस. तुझी आई तुला जशीच्या तशी दाखिवतो."

शब्द देऊन बसला.

दवाखान्यातून निघाल्यावर गाडी आधी वडगावला आणली. माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय लेक जायची नाही. भावकूनं गल्लीच्या तोंडाला गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, हाताच्या सवयीनं पिन काढून ट्रेलरच्या दांडीवर टाकली. पेटी उघडली. लुगडं घालायचं ते भावानं. हिरवं लुगडं तिच्या अंगावर पसरताना त्याला तिचा हात लागला, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांची मयतं वाहून घट्ट झालेला तो माणूस पोरासारखा रडायला लागला.

दुःखातल्या माणसाला आपल्यात एकट्यानं चालू देत नाहीत. दोघांनी त्याला दंडाला धरून सीटकडं नेलं. "दुसरा कोन तर चालिवंल की," एकजण म्हणाला. भावकूनं मान हलवली. आक्काला दुसऱ्याच्या हातून कसा पाठवणार?

"मग बस तू, मागचं आमी बघतो," शेजारी म्हणाले. त्यांनी पेटी लावली, कडी घातली, वर थापही मारली. "चल," असा आवाज आला आणि भावकूनं गाडी सोडली. पिनीचं त्या बिचाऱ्यांना काय माहीत? आणि ज्याला माहीत होतं त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

दाजी, म्हणजे जयाक्काचा नवरा, आणि बाकीची मंडळी दुसऱ्या गाडीतून पुढं गेली होती. भावकूच्या शेजारी मनुबाई तेवढी. हायवेला लागल्यावर धक्क्यानं पिन दांडीवरून घसरली आणि रस्त्यावर घासायला लागली. मागून येणारा एक ट्रकवाला बराच वेळ हॉर्न वाजवत राहिला. मग बरोबरीला येऊन त्यानं हात खाली करून काहीतरी दाखवलं.

"मयताला नमस्कार कराय लागलाय," मनुबाई म्हणाली.

भावकूनंही त्याला हात जोडले.

कोगनोळीत दारासमोर गाडी थांबवून तो मागं गेला. पिन काढायला हात खाली घातला तर सॉकेट रिकामं. वायर मातीत पडलेली. पिन घासून अर्धी झालेली, आतल्या पितळी काड्या वितळून एकमेकींना चिकटलेल्या. ट्रेलरच्या बॅटरीचा करंट तिथंच शॉर्ट होऊन वायर पार आतपर्यंत जळत गेली होती. बॅटरी फुगलेली, मशीन चालवणारं सर्किटचं कार्ड काळं ठिक्कर. आत जयाक्का होती आणि पेटी उन्हानं तापली होती.

त्यानं काय केलं नाही? पिकअपची बॅटरी काढून जोडली, वायरी सोलून पिळल्या. मशीन हूं का चूं करेना. सूरजला फोन लावला. सूरज कार्ड घेऊन निघाला खरा, पण ते मिळवून बेळगावहून यायला त्याला संध्याकाळ होणार होती. निपाणीहून बर्फ मागवला. लग्नसराईत बर्फ मिळतोय कुठं? दोन लाद्या आल्या, त्या आक्काला ओसरीवर निजवून तिच्याभोवती ठेवल्या, तर बघता बघता वितळल्या. दुपार कलली तसं आक्काचं तोंड बदलायला लागलं. नाकातून पाणी आलं. बायका पदर तोंडाला लावून बाहेर जायला लागल्या.

दाजी बराच वेळ उशाशी बसून होते. ते उठून भावकूजवळ आले.

"आता उचलूया."

"दाजी, पोरगं येतंय. मी शब्द दिलाय त्येला. जरा थांबा. पाया पडतो तुमच्या."

"त्यो आला तर तोंड उघडाय लावंल. आईचं असलं तोंड त्येच्या डोळ्यात नगं ऱ्हायाला. जल्मभर तेच दिसंल."

भावकूनं पिकअपची बॅटरी परत जागेवर बसवली आणि आक्काला गाडीतूनच स्मशानात नेलं.  वाटेत कुणी त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

युवराज आला तेव्हा उजेड होता. चिता खाली बसत आली होती. तो गाडीतून उतरून तसाच स्मशानात आला, हातात दुकानाची पिशवी. आगीकडं बघत उभा राहिला. मग मामाकडं वळला.

"तुमची गाडी हाय म्हणून मी कोल्हापुरात थांबलो, मामा. आईला लुगडं घेतलं. तिला मोरपंखी लई आवडायचं. ड्रायव्हर म्हणत हुता, उशीर व्हईल. मी म्हणलं, माझ्या मामाची पेटी हाय, आई कुटं जात न्हाय."

भावकूला पाय धरावेसे वाटले, पण भाच्याचे पाय मामानं कसे धरायचे? तो एवढंच म्हणाला, "पिन लावायची ऱ्हायली रं."

"कसली पिन?"

भावकूनं त्याला स्मशानाबाहेर उभ्या केलेल्या पिकअपमागं नेलं आणि वायरीचं टोक उचलून दाखवलं. युवराजनं ते घासलेलं, जळकं बोंडूक तळहातावर घेतलं, उलटं-सुलटं करून बघितलं. तेवढ्यात सूरज नवं कार्ड घेऊन पोचला आणि गाडीवरून उतरत विचारायला लागला, "अण्णा, कार्ड घालू न्हवं? पेटी आत्ता चालू करून देतो."

"ऱ्हाऊंदे," भावकू म्हणाला. युवराजनं पिन मामाच्या हातात परत दिली आणि पिशवीतलं लुगडं आगीवर घालायला तो माघारी गेला.