आरामाचे अकरा तास

मीनाक्षी दाबके सरकारी सर्वेक्षणात होत्या. बदली होऊन कोलकात्याला आल्या, त्याला नऊ वर्षं झाली होती. घरोघरी जायचं आणि प्रत्येकाने कालचा दिवस कसा घालवला, ते अर्ध्या अर्ध्या तासाने टॅबवर भरायचं. घरात बाई किती राबते आणि पुरुष किती, ते त्यातून कळे. याबाबतीत आपला देश इतर देशांच्या पुढे की मागे, हे ठरवताना तोच आकडा पाहिला जाई.

न्यू टाउनमध्ये नवव्या मजल्यावर 'अजेय साठ्ये' ही पाटी दिसली तेव्हा मराठी नाव म्हणून त्यांना बरं वाटलं. ते पाच मिनिटंही टिकलं नाही.

"बायको घरीच असते," अजेय सोफ्यावरून म्हणाला. "आराम लिहा. अकरा तास."

"त्यांचं त्यांनीच सांगावं लागतं."

नूपुर हात पुसत आली आणि सांगू लागली. पाचला उठणं, डबे, सासूबाईंचं इंजेक्शन, मुलीची शाळा. मीनाक्षी भरत गेल्या. दुपार उलटली तरी आराम येईना, तसा अजेय उसळला.

"बाहेरच्या देशांपुढे आपली लाज काढायला पगार घेता का तुम्ही?"

"दिवस त्यांचा आहे. मी फक्त लिहितेय."

"तुमच्या साहेबांचा नंबर द्या!"

मीनाक्षींनी दिला. मग नूपुर बोलली, पण नवऱ्याला नाही.

"तुम्ही जाल निघून. मला इथंच राहायचंय. पुसा ते सगळं. आराम लिहा."

"खोटं नाही लिहिणार मी."

"मग उठा माझ्या घरातून!"

मीनाक्षींनी 'माहिती देण्यास नकार' असं नोंदवलं आणि त्या उठल्या. नूपुरचा दिवस मोजणीतून गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "सांगितलं ते लिहून मोकळं व्हायचं. नकार वाढले की वरून मला विचारतात."

"मग मलाच विचारा म्हणून सांगा."

आठवड्याभरात त्यांना बराकपूरकडच्या कारखान्यांचं काम दिलं. तिथे कोणाचा दिवस विचारायचा नव्हता, फक्त यंत्रं आणि माल. अजेयसारखे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. त्याच्यावरचा राग चार दिवसांत निवला. नूपुरवरचा मात्र निवेना. तिचं चुकलं नव्हतं हे कळत असूनही निवेना, आणि त्यासाठी मीनाक्षी स्वतःवरच चिडत राहिल्या.